माधव नगरचा ड्रम आणि गळके झाकण

गेल्या डिसेंबरात सेमिस्टरच्या परीक्षा आटोपल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत केले आणि मी अक्काकडे उज्जैनला जाऊन आलो. महाकालाचे दर्शन हे सांगण्यापुरते निमित्त. खरे कारण म्हणजे अक्काचे फोन. 'अरे, एकदा येऊन बघ तरी, या बापलेकांनी परसात काय उभं केलंय ते. धुरानं माझं घर काळं झालं!'

अक्काचे सासर माधव नगरातले. रेल्वेमार्गाच्या एका अंगाला जुने उज्जैन, महाकाल आणि क्षिप्रेचे घाट. दुसऱ्या अंगाला फ्रीगंज-माधव नगरची सरळ रस्त्यांची वस्ती. १८१० पर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. पुढे दौलतराव शिंद्यांनी ती ग्वाल्हेरजवळच्या लष्करला हलवली. पण शिंद्यांबरोबर आलेली मराठी घरे माळव्यात राहिली ती राहिलीच. त्यांची मराठी ऐकताना मला नेहमी आपल्या बेळगावची आठवण होते. आपण जसे बोलता बोलता कन्नडचा एखादा शब्द सहज उचलतो, तसे ते हिंदीचा उचलतात. दाजी म्हणतात, 'ढक्कन लीक करतंय.' अक्का त्यांना म्हणते, 'झाकण म्हणा हो.' आणि स्वतः चिडली की आजोळची होऊन 'मुच्चळ!' म्हणून ओरडते. आमची आई गोकाककडची. घरात मराठी, आजोळी कन्नड, आणि अक्काच्या नशिबी वर हिंदी आणि माळवी. अशी घरे तिकडे नवी नाहीत. गजानन माधव मुक्तिबोधांचे बालपण आणि तारुण्य बरेचसे उज्जैनमध्ये गेले. ते हिंदीचे मोठे कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एका घरात दोन भाषांचे दोन कवी! असो.

तर परसातला तो प्रकार. दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम, कमरेच्या वरपर्यंत येणारा. भाचा दोन वर्षे नोकरीसाठी अमेरिकेत टेक्सासला होता. तिथे असे ड्रम उभे करून त्यात मंद आचेवर, धुरात, तासन्‌तास मांस शिजवतात. परतल्यावर त्याने वेल्डरकडून तसाच ड्रम करून घेतला. तळाशी कोळशाची जाळीची टोपली, वर हातभर अंतर सोडून भाजायची जाळी, खाली हवेला तीन भोके आणि झाकणावर दोन इंची पाइपाचे धुराडे. दाजींचा त्यात वेगळाच स्वार्थ. दाजी पक्के माळवी झालेले. रविवारी दाल-बाफले नसतील तर त्यांना रविवार वाटत नाही. बाफला म्हणजे जाडसर कणकेचा गोळा आधी उकळत्या पाण्यात शिजवायचा, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर खरपूस भाजायचा आणि तुपात बुडवायचा. गोवऱ्यांना तिकडे कंडे म्हणतात, आपण घरात कुळ्ळू म्हणतो. भाच्याला ११०-१२० अंशांची मंद आच हवी आणि बापाला त्याच ड्रममध्ये बाफल्यांसाठी दोनशेच्या आसपासची. भांडण तिथेच होते, पण दोघांची तक्रार मात्र एकच: झाकण नीट बसत नाही.

ते बसणार कसे? ड्रम दोन तऱ्हेचे येतात. एकाचे तोंड पूर्ण उघडे, वर सुटे झाकण आणि ते आवळायला लोखंडी कडे. दुसऱ्याला वरून कायमचा पत्रा, फक्त तेल ओतण्यापुरती बुचे. भाच्याला मिळाला दुसरा. वेल्डरने छिन्नीने वरचा पत्रा कापला, त्यालाच पट्टी जोडून झाकण केले. कापताना पत्रा पिळवटला. ड्रमचे तोंड थोडे लंबगोल, झाकण गोल. एका बाजूला चिकटते, दुसऱ्या बाजूला तोंड वासते.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्याकडेही हल्ली हौशी मुले असे ड्रम आणतात. आधी त्यात काय होते ते विचारा. खाद्यतेलाचा ड्रम उत्तम. रसायनाचा किंवा कीटकनाशकाचा असेल तर कितीही धुतला तरी नको. पेट्रोल-डिझेलच्या ड्रमला तर छिन्नी किंवा गॅसकटर लावायचाच नाही. रिकामा दिसला तरी आतली वाफ पेट घेऊन ड्रम फुटतो. आतून जस्ताचा मुलामा असलेला ड्रमही टाळावा, तापल्यावर जस्ताचा धूर अंगात भरतो आणि ताप येतो. आतला रंग असेल तर पहिल्यांदा मोठा जाळ करून तो पुरता जाळून टाकावा आणि मगच स्वयंपाक.

पहिल्या रविवारी माझ्यासमोर कोंबडी लावली. भाच्याने मोजून कोळसा घातला, पेरूच्या लाकडाचे दोन तुकडे ठेवले, झाकण लावले. झाकणाच्या कडेने सगळीकडून धूर फुटायला लागला. मी म्हटले, गळतंय म्हणजे आच कमी पडणार. झाले उलटेच. अर्ध्या तासात काटा दोनशेच्या पुढे गेला. कोंबडी बाहेरून काळी ठिक्कर आणि मांडीच्या सांध्यापाशी लाल कच्ची. (कोंबडी आतपर्यंत ७४ अंशांना पोचली पाहिजे, हे भाच्याने मला तेव्हा ऐकवले. मी मराठीचा माणूस, मला अंश वृत्तातलेच माहीत!) पोरे उपाशी राहू नयेत म्हणून अक्काने निमूटपणे पिठले टाकले.

असे का व्हावे, हे मला आमच्या जुन्या घरातल्या तांब्याच्या बंबावरून कळले. बंबाची खालची दारे उघडली की आग घुरघुरते, कारण वरच्या नळीतून गरम हवा सुटते आणि ती गेली की तिच्या जागी खालून ताजी हवा खेचली जाते. ड्रमचेही तसेच. झाकणाची फट म्हणजे दुसरे धुराडेच. किती मोठे? भाच्याने कागदावर हिशेब मांडला. झाकणाचा व्यास ५८ सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे १८२. सभोवार फक्त २ मिलिमीटरची फट धरली तरी ती ३६ चौरस सेंटिमीटर भरते. आणि त्याच्या दोन इंची धुराड्याचे तोंड? जेमतेम २०! म्हणजे ज्या वाटेने धूर जावा म्हणून पाइप बसवला, तिच्या पावणेदोन पट वाट झाकणाने फुकट देऊन ठेवली होती. खालची तीन भोके लहान-मोठी करून आच राखायची ही सगळी युक्ती त्यामुळे बाद. वारा सुटला की आणखी गंमत. एका बाजूने हवा आत, दुसऱ्या बाजूने धूर बाहेर.

'एवढं कशाला? कणीक लावा,' अक्का म्हणाली.

या बाबतीत बायकांचे शास्त्र पुरुषांच्या आधी झालेले आहे. दम द्यायचा तर हंडीच्या कडेला कणकेचा लांब वळ फिरवायचा आणि झाकण दाबायचे, हे लखनौच्या नवाबापासून आपल्या घरापर्यंत सगळ्यांना ठाऊक. नवाब असफउद्दौलाने १७८४च्या दुष्काळात इमामबाड्याचे काम काढले आणि मजुरांसाठी अशाच बंद हंड्या रात्रंदिवस चढवल्या, अशी कथा सांगतात. होळिगेच्या वेळी आपल्याकडे कन्नड घरात 'कणक' म्हणतात, मराठी घरात 'कणीक'. शब्दसुद्धा एकाच पिठाचा. कोकणातल्या पोपटीचा विचार केला तर मला तिथली अक्कल त्याहून मोठी वाटते. रायगडकडे थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरतात, तोंडही त्याच पाल्याने बंद करतात आणि मडके चक्क उपडे घालून भोवती जाळ करतात. गरम वाफ वर जाते, तोंड तर खाली! मग लिंपायची कटकटच फारशी उरत नाही.

ड्रम काही उपडा घालता येत नव्हता. अक्काने परातभर कणीक भिजवली, बोटाएवढे जाड वळ केले आणि झाकणाखाली दाबून बसवले. त्या दिवशी काटा पहिल्यांदा १२०वर येऊन थांबला. दाजींनी अक्काकडे असे पाहिले, की लग्नात तरी पाहिले होते का कोण जाणे. पण तासाभराने भाच्याने कोळसा बघायला झाकण उचलले आणि भाजून टणक झालेल्या कणकेचे तुकडे कोंबडीवर पडले. हंडी एकदाच उघडायची असते, म्हणून तिला कणीक चालते. ड्रम चारदा उघडावा लागतो. आणि दर रविवारी परातभर कणीक झाकणाला घालणे अक्काच्या हिशेबात बसेना. माती आणि भुसा कालवून लिंपून पाहिले, तेही तडकले. मग वर वरवंटा ठेवला. वजनाने झाकण थोडे बसले. पण पिळवटलेला पत्रा वरवंट्याने सरळ होत नसतो.

प्रेशर कुकरशी तुलना दाजींनी केली. कुकरला रबराची रिंग आहे, ड्रमलाही रबर लावू. पण कुकरमध्ये आतल्या वाफेचा दाबच झाकणाला मदत करतो. हॉकिन्सचे झाकण तर आतून बसते, दाब वाढेल तसे आणखी घट्ट. ड्रममध्ये दाब नावाला नाही, जे काही आहे ते झाकणाचे वजन. शिवाय रबर त्या आचेला वितळून दुर्गंधी सुटेल ती वेगळीच. बाथरूमच्या कडेला भरतात ते साधे सिलिकॉनही तिथे टिकत नाही. बाजारात एका दुकानदाराने पांढरी दोरी काढून दाखवली, 'भट्टीची आहे, कधी जळणार नाही.' ती अ‍ॅस्बेस्टॉसची निघाली. भाच्याने हातही लावला नाही. ते तंतू श्वासातून फुफ्फुसात गेले तर पुढे कर्करोग होऊ शकतो. स्वयंपाकाच्या भांड्याजवळ ते कशाला?

शेवटी काम झाले ते दोन पायऱ्यांनी, आणि पहिली पायरी अगदी फुकटची. रात्री ड्रममध्ये पेटलेला टॉर्च ठेवून झाकण लावले आणि दिवे घालवले. ज्या ज्या फटीतून उजेड दिसला तिथे खडूने खूण केली. दुसऱ्या दिवशी ड्रमच्या काठाला कोळशाची पूड तेलात कालवून लावली आणि झाकण ठेवून उचलले. जिथे काळे लागले तिथे पत्रा टेकतो, जिथे लागले नाही तिथे खोल. उंचवटे लाकडी हातोड्याने हलके ठोकत आणले. घाई केली तर एक फट बुजते आणि दोन नव्या होतात, हे दाजींना दुपारपर्यंत उमगले. त्यांचे आयुष्य रेल्वेत गेले, हात बसलेला; संध्याकाळी फट निम्म्याने कमी झाली होती.

मग दोरी. काचेच्या तंतूंची विणलेली दोरी मिळते, भट्टीच्या आणि बॉयलरच्या दारांना लावतात ती. बोटाएवढ्या जाडीची, दोन मीटर पुरली. ती झाकणाच्या आतल्या कडेला चिकटवायला गाड्यांच्या इंजिनासाठी वापरतात ते तांबडे, अडीचशे-तीनशे अंश सोसणारे सिलिकॉन. घेताना त्याच्या नळीवर किती उष्णता सोसते ते वाचून घ्यावे. दोरी हाताळताना हातमोजे घालावेत, नाहीतर दिवसभर खाज सुटते. तिची टोके तांब्याच्या तारेने बांधून घ्यावीत, म्हणजे तंतू सुटून जेवणात पडत नाहीत. ड्रमच्या काठावर तेल लावलेला बटर पेपर पसरून झाकण हलकेच ठेवले आणि पूर्ण एक दिवस हात लावला नाही. वाळल्यावर दोरी ड्रमच्या तोंडाच्या आकाराचीच होऊन बसली. बाहेरून दोन चिमटे लावले, जुन्या ट्रंकेला असतात तसे. पहिला जाळ रिकाम्या ड्रममध्ये केला. मग मी उदबत्ती पेटवून कडेने फिरवली. धुराची रेघ सगळीकडे सरळ वर गेली, फक्त बिजागरीपाशी जरा थरथरली. 'ती राहू दे,' भाचा म्हणाला. 'चार वेळा वापरलं की तेल आणि काजळीचा थर बसतो, उरलेली फट आपोआप भरते.' धुराडे मात्र त्याने उघडेच ठेवले. आच कमी करायची तर खालची भोके लहान करायची, वरचे तोंड बुजवायचे नाही. कोंडलेला धूर अन्नावर बसला की चव कडू होते.

काटा ११५वर स्थिर उभा राहिला. बापलेकांचा समेट झाला: सकाळी भोके उघडून बाफले, दुपारी भोके मिटून कोंबडी. आणि अक्काचे घर पहिल्यांदाच धुराविना.

इथे लेख संपला असता तर बरे झाले असते.

माझ्या निघण्याच्या दोन दिवस आधी मावठा आला. हिवाळ्यातल्या अवकाळी पावसाला माळव्यातही मावठाच म्हणतात, शब्द ऐकून मला उगाच आपलेपणा वाटला. ड्रम पेटलेला होता. बाफले अर्धे भाजलेले, पाहुणे यायचे होते. आम्ही तिघांनी हातांना पोती गुंडाळून ड्रम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओढला. शेडला तिन्ही बाजूंनी भिंती, चौथीला सरकते दार. पाऊस आत येतो म्हणून तेही ओढून घेतले. बाहेर गारठा, आत उबदार. पेटलेल्या ड्रमभोवती खुर्च्या टाकून बसलो. धूर नाही, डोळ्यांना झोंबणे नाही. अक्का नातीला मांडीवर घेऊन बसली. दाजी सिंहस्थातल्या गर्दीच्या गोष्टी सांगत होते.

पाऊण तास झाला असेल. अक्का म्हणाली, डोकं जड झालंय. मी म्हटले, पित्त असेल, सकाळपासून पोटात काही नाही. माझेही कपाळ ठणकत होते, पण मी ते गारठ्यावर ढकलले. मग नात ओकली आणि मान टाकून निपचित पडून राहिली. चार वर्षांचे पोर. आम्हाला वाटले झोप आली. भाचा सामान घेऊन बाहेरून आला, दार सरकवले, आमच्याकडे पाहिले आणि एवढ्या जोरात ओरडला की तसे त्याला मी कधी ऐकले नव्हते. पोरीला उचलून तो पावसातच अंगणात धावला. अक्काला उठवले तर तिचे पाय लटपटत होते.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोघींना मास्क लावून काही तास ऑक्सिजन दिला. कोळशाचा वायू, ते म्हणाले. कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट घट्ट धरून ठेवते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, एवढीच त्याची ओळख. आणि ती पित्तासारखीच वाटते. लहान मुले भरभर श्वास घेतात, त्यांना तो आधी गाठतो. उत्तरेकडे दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या येतात, त्या मीही वर्तमानपत्रात वाचून पान उलटले होते.

नात संध्याकाळी खेळायला लागली. अक्का दोन दिवस गप्प होती. मला मात्र त्या रात्री झोप नव्हती. झाकण नीट बसवायला उदबत्ती फिरवणारा मीच. हवा कमी मिळालेला कोळसा धुमसतो आणि तो वायू जास्त सोडतो. आम्ही हवाच मोजून देत होतो, आणि वरचे धुराडे तो सगळा शेडमध्येच सोडत होते. झाकण गळके असताना हा ड्रम शेडमध्ये नेला असता, तर धुराने पाच मिनिटांत आम्हाला खोकत बाहेर काढले असते. ज्या धुरावर अक्का तीन महिने चिडत होती, तो निदान ओरडून सांगत तरी होता.

सकाळी दाजींनी शेडचे सरकते दार चौकटीसकट काढून टाकले. ड्रम अंगणाच्या पार टोकाला, भिंतीपासून दहा पावलांवर नेऊन विटांवर उभा केला. पाऊस आला तर स्वयंपाक गॅसवर, असे ठरले. राहिलेले बाफले अक्काने तव्यावर गरम केले, तूप सोडले आणि मला डब्यात बांधून दिले.

निघताना पाहिले तर ती खडू घेऊन ड्रमपाशी उभी होती. झाकणावर तिने कन्नडमध्ये दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'होगे होरगे'. दाजींना कन्नड वाचता येत नाही. 'धूर बाहेर,' मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, 'मग मराठीत लिही की.' अक्का म्हणाली, 'तुम्ही रोज विचाराल काय लिहिलंय म्हणून. तेवढ्यासाठीच लिहिलंय.'